गुरुवार आमच्याकडे

निरुपमा दिघे आमच्या वरच्या मजल्यावर राहते. बडोद्याच्या निजामपुऱ्यात ज्यांना तिचं घर सापडत नाही ते आमची बेल वाजवतात, आणि ज्यांना तिला टाळायचं असतं तेही आमच्याकडेच येऊन बसतात. मी रेल्वेतून निवृत्त झालो तेव्हा मला वाटलं होतं, चला, चौकशीची खिडकी आता कायमची बंद झाली. ती आमच्या दाराला येऊन लागली.

निरुपमा एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वय सत्तावन्न, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि स्कूटरला कायम दोन हेल्मेटं. दुसरं हेल्मेट विद्यार्थ्याचं. कोणता विद्यार्थी ते ठरलेलं नसतं. जो वर्गात दिसेनासा होतो त्याच्या घरी ती जाते. आधी फोन करत नाही. फोन केला की घरचे लोक आवरून ठेवतात आणि खरं काही दिसत नाही, असं तिचं म्हणणं. दार उघडलं की आत जायचं, पाणी प्यायचं, आईशी बोलायचं, फ्रीजवर काय काय चिकटवलंय ते वाचायचं आणि मुलाला मागे बसवून कॉलेजात आणायचं, ही तिची पद्धत. एकदा एक मुलगा तिला गल्लीच्या तोंडाशी बघून मागच्या दाराने पळाला. ही मागच्या दाराशी स्कूटर लावून उभी होती. तो मुलगा आता पोलिसात आहे.

इतकी वर्षं ती अशी लोकांच्या घरी जात आली, पण तिला कोणी बोलावलं असं मात्र कधी झालं नाही. मुलं पास होत, नोकऱ्यांना लागत, आणि रस्त्यात ती दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जात. त्याचं तिला काही वाटत असावं, पण तसं ती दाखवत नसे.

"झाड सुकलं तर पानाला विचारत बसायचं नाही, आनंदभाऊ. मुळाशी जायचं," हे तिचं लाडकं वाक्य. आम्ही पुण्याला मुलीकडे गेलो होतो तेव्हा आमच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम तिने मागून घेतलं होतं. परत आलो तर तुळस, मोगरा आणि मनीप्लांट, तिन्ही कुजून बसले होते. माझी बायको मोहना म्हणाली, "मनीप्लांट कुजायला पण मेहनत लागते." निरुपमाला मात्र आमच्या कुंड्यांच्या मातीतच दोष दिसला.

अशा या बाईच्या हाती कॉलेजाने विद्यार्थी यश केंद्र दिलं. वरून आदेश आला होता की यापुढे विद्यार्थ्याकडे केवळ गुणांच्या बाजूने न पाहता सर्व बाजूंनी पाहावे. त्याचं शरीर, मन, आहार, मैत्री, घर, भवितव्य, सगळं बघावं. त्यासाठी केंद्राला एक खोली, एक पाटी आणि निरुपमा मिळाली. मानसोपचाराची माणसं आणि आहारतज्ज्ञ नंतर येणार होते. ते अजून यायचे आहेत.

केंद्रात आलेली पहिली मुलगी यशश्री. आली म्हणजे निरुपमाने आणली. यशश्रीचे वडील बाजव्याला रिफायनरीजवळ एका ठेकेदाराकडे वेल्डर होते. तिथलं काम संपल्यावर ते बायकोला घेऊन बंदराच्या कामावर दहेजला गेले आणि मुलीला कॉलेजासाठी इथे हॉस्टेलमध्ये ठेवलं. पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर तिचा दोनदा राहिला. तेव्हा वडिलांनी शांतपणे सांगितलं की आणखी एक वेळ बघू, आणि तरी नाही निघाला तर सामान बांधून घरी यायचं. "नापासच व्हायचं तर घरून हो," असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपल्या परीने सरळ हिशेब मांडला होता. तेव्हा आता एप्रिलमध्ये तो पेपर निघाला तर यशश्री बडोद्यात राहणार, नाहीतर दहेजला जाऊन अंकलेश्वरच्या कुठल्याशा ऑफिसात फोन उचलणार, हे आम्हा सगळ्यांना दिवाळीपासूनच माहीत होतं.

निरुपमाने मुलीकडे सर्व बाजूंनी पाहिलं. मुलगी हडकुळी होती. हॉस्टेलच्या मेसमधली गोड डाळ तिला जात नव्हती, म्हणून ती बरेचदा वेफर्स खाऊन झोपत असे. निरुपमाला मूळ सापडलं. संख्याशास्त्र तिला स्वतःला येत नव्हतं, पण त्याने काही बिघडत नाही, असं ती म्हणाली, कारण मूळ संख्याशास्त्रात नाहीच, मूळ पोटात आहे.

आणि मग तिला वार आठवले. पूर्वी बडोद्यात शिकायला येणाऱ्या गरीब मुलांची जेवायची सोय अशीच होत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा लागत असे. त्याला वार लावून जेवणं म्हणत. निरुपमाच्या आजोबांनी इथे तसंच शिकून पुढे संस्थानात नोकरी धरली होती. "एका मुलाला सात घरं मिळायची," ती आमच्या सोफ्यावर बसून म्हणाली. "सर्व बाजू म्हणजे आणखी काय असतं?"

मी म्हटलं, "आता मुलांना घरपोच पिझ्झा मिळतो."

"गुरुवार तुमच्याकडे," ती म्हणाली.

वार असे लागले. सोमवार आणि रविवार निरुपमाकडे. मंगळवारी नागरवाड्यात गोविंदरावांकडे. हे संस्थानी अंमलदारांच्या घराण्यातले, आणि ते कोणाला विसरू देत नाहीत. बुधवारी दांडिया बाजारात कौमुदीकडे, ती गाण्याच्या शिकवण्या घेते. गुरुवार आम्ही. शुक्रवारी बाजव्याला अविनाश, तो रिफायनरीत पाळीवर असतो आणि यशश्रीच्या वडिलांना ओळखत होता. शनिवार कोणाला द्यावा असा विचार चालला होता, तेवढ्यात आमच्या समोरच्या कोकिलाबेन रुसल्या की मराठी माणसांनी त्यांना विचारलंच नाही. मग शनिवार त्यांचा झाला. त्यांची डाळही गोडच असते, पण ते बोलायची कोणाची छाती झाली नाही.

नियम निरुपमाने एकच घातला, तो म्हणजे ताटावर अभ्यासाचा विषय काढायचा नाही. मुलगी आधीच धास्तावलेली आहे, जेवताना तिला चार घास सुखाने खाऊ द्या. नियम घालायची गरज नव्हती. जेवणाऱ्या माणसाला अप्रिय विचारू नये हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे तर जावयाची नोकरी गेली होती तेव्हा तो चार दिवस जेवून गेला तरी आम्ही विचारलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी यशश्री आली ती दारातच थबकून उभी राहिली, चप्पल कुठे काढायची म्हणून. मोहनाने भरली वांगी, भाकरी, कढी आणि शिरा केला होता. मुलगी मान खाली घालून जेवली. "कसं झालंय?" विचारलं तर म्हणाली, "फावलं, काकू." म्हणजे इकडच्या बोलीत, आवडलं, मानवलं. मोहनाला तो शब्द इतका आवडला की तिने आणखी एक भाकरी वाढली. जेवून मुलगी उठू लागली तर मोहना म्हणाली, जेवल्या जेवल्या लगेच उठू नये, बस जरा. मग सुपारी झाली. मग मी माझा फोन पुढे केला, कारण तो फोटोंनी भरला होता आणि रोज मला त्यावरून टोमणे मारत होता. यशश्रीने ते सगळं नीट लावून दिलं. पुढच्या गुरुवारी विजेचं बिल. त्यापुढच्या गुरुवारी मोहनाने विणायला घेतलेल्या स्वेटरचा नमुना, तो एका व्हिडिओत होता आणि व्हिडिओ सारखा पुढे पळायचा.

मुलगी गुणी होती. नाही म्हणायची नाही. मला ती आवडायला लागली होती, आणि गुरुवारी दुपारपासून मी घड्याळ बघू लागलो होतो, हे मी मोहनाला सांगितलं नव्हतं.

इतर घरीही तसंच चाललं असावं. गोविंदराव तिला जेवणानंतर आपल्या खापरपणजोबांनी कोणत्या तळ्याच्या कामावर कशी देखरेख केली ते सांगत. तळं मोठं होतं, तेव्हा विषय पुरून उरत असे. कौमुदीने तिचा आवाज बरा आहे असं ठरवून तिला भूप शिकवायला घेतला. आनंद, आत्मविश्वास आणि श्वास यांच्यासाठी ते चांगलं असतं म्हणे. अविनाश तिला बाजव्याच्या जुन्या शेजाऱ्यांकडे फिरवून आणायचा, म्हणजे मुळं तुटायला नकोत. कोकिलाबेन "बेटा, थोडुं तो ले" म्हणत ताट भरायच्या आणि मग तिच्याकडून अमेरिकेतल्या नातवाला इंग्रजीत निरोप लिहून घ्यायच्या. महिन्याभरात मुलीच्या गालांवर मांस आलं. निरुपमा तिला बघून जिना उतरताना गुणगुणायची. केंद्राच्या कामाबद्दल तिने प्राचार्यांपुढे भाषण केलं, त्यात सहा घरांची चित्रं होती आणि मध्ये एक झाड होतं.

फेब्रुवारीत कॉलेजची चाचणी झाली. यशश्रीला संख्याशास्त्रात पूर्वीपेक्षा कमी गुण पडले.

निरुपमाने सगळ्या वारांना रविवारी सकाळी आपल्या घरी बोलावलं. सेव उसळ केली होती. चर्चा गंभीर झाली. कौमुदीचं म्हणणं पडलं की मंगळवारी नागरवाड्यात जेवण तिखट असतं, त्याने बुद्धी तापते. गोविंदराव म्हणाले की आमच्या घरचा मसाला चार पिढ्या सगळ्यांनी खाल्ला आहे आणि त्यातले दोघे दिवाण कचेरीत होते. अविनाशने बदामाची सूचना केली. कोकिलाबेन म्हणाल्या, डाळीत गूळ कमी पडतोय. मी उसळ खात होतो.

निरुपमा बराच वेळ ऐकत होती. मग तिने विचारलं, "तिला अभ्यासाचं कोणी विचारलं होतं?"

गोविंदराव म्हणाले, "ताटावर विचारायचं नाही, असं आपणच सांगितलं होतं."

"ताटावर नाही. पण एरवी?"

"एरवी ती येतेच कुठे?" कौमुदी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विचारत असाल. तुम्ही मॅडम आहात."

"मी पण नाही विचारलं," निरुपमा म्हणाली. "नियम माझाच होता ना."

यशश्री आतल्या खोलीत होती. रविवार असल्यामुळे ती जेवायला येणारच होती, ती लवकर येऊन निरुपमाची पुस्तकं पुसून लावत होती. निरुपमाने तिला बाहेर बोलावलं आणि समोर बसवलं. सहा वार एका मुलीकडे बघायला लागले. अशाने कोणीही संख्याशास्त्र विसरेल.

"तुला काही अडचण आहे का?" निरुपमाने विचारलं.

"नाही मॅडम. सगळं फावतं."

निरुपमा मूळ शोधायला लागली. घरची आठवण येते का, झोप लागते का, कोणी त्रास देतं का. मुलगी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होती आणि ते खरंच वाटत होतं. शेवटी मोहनाने विचारलं, मोहना अशा वेळी साधंच विचारते, "आमच्याकडून गेल्यावर काय करतेस ग तू?"

"झोपते, काकू."

"आणि आमच्याकडे यायच्या आधी?"

"प्रॅक्टिकल पाचला सुटतं. मग बस पकडते."

"मग गणितं कधी सोडवतेस?"

यशश्रीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वेळ नाही होत," ती म्हणाली. "हॉस्टेलवर नऊला परत जाते, तोपर्यंत खोलीतल्या मुलींचे व्हिडिओ कॉल सुरू झालेले असतात. आधी मी मेसमध्ये जायची नाही ना, तेव्हा त्या वेळात खोली रिकामी मिळायची. तेव्हा करायची थोडी."

मुलगी उपाशी का राहत होती ते आम्हाला आता कळलं, आणि डाळीची गोडी त्यात फारशी नव्हती. रिकाम्या खोलीसाठी ती जेवण सोडत होती. आम्ही तिला जेवायला घातलं आणि खोली काढून घेतली.

"अग, मग सांगितलं का नाहीस?" गोविंदराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण तो रागाने नव्हता.

"तुम्ही सगळे इतकं मनापासून करता," ती म्हणाली. "आणि शिकवलंय घरी, वाढलेल्या ताटाला नाव ठेवू नये."

मला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं, आणि माझा फोन माझ्या खिशात होता तो मला जड वाटायला लागला. निरुपमा खुर्चीवर तशीच बसून होती. तिचा चेहरा पडला होता आणि तो तिने लपवलाही नाही. मग ती म्हणाली, "आता यापुढे वार तेच राहतील. ही येईल, जेवेल, आणि मग प्रत्येक घरात हिला एक टेबल आणि एक दिवा. कोणी हिच्याशी बोलायचं नाही."

"किती वेळ?" कौमुदीने विचारलं.

"हॉस्टेलचं फाटक बंद होईपर्यंत. आणि मग स्कूटरवरून पोहोचवायचं. बस नको."

एका मुलीला खाऊ घालणं बडोद्याच्या मराठी माणसाला जमतं. ती घरात बसलेली असताना तिच्याशी न बोलणं हे त्याला जमत नाही. गोविंदराव पहिल्या मंगळवारी दारापाशी तीनदा खाकरले आणि मग बायकोने त्यांना वर गच्चीवर पाठवलं. तिथे ते त्या तळ्याची गोष्ट कुणाला सांगत होते ते माहीत नाही. कौमुदीने बुधवारच्या शिकवण्या सकाळी नेल्या, आणि मुली झोपेत गातात म्हणून पालकांची तक्रार आली. अविनाशने आपला टीव्ही शेजाऱ्याकडे नेऊन ठेवला. शेजाऱ्याला तो इतका आवडला की परत आणायला पुढे भांडण झालं. कोकिलाबेन बोलत नसत, पण दर थोड्या वेळाने टेबलावर काहीतरी आणून ठेवत. खाकरा, मग शेंगदाणे, मग पापडी. यशश्रीने ते सगळं कागद उडू नयेत म्हणून वापरलं.

आमच्याकडे क्रिकेट होतं. मी आवाज बंद करून बघायचं ठरवलं. आवाजाशिवाय क्रिकेट म्हणजे पांढऱ्या कपड्यातली माणसं उन्हात चुकल्यासारखी फिरतात. एका गुरुवारी मी टीव्हीही बंद केला आणि नुसताच बसलो. मोहना विणत होती. टेबलाशी पेन चालत होतं, थांबत होतं, खोडत होतं, परत चालत होतं. मधेच मुलगी स्वतःशीच "हं" म्हणाली, आणि ते मला इतकं बरं वाटलं की मी मोहनाकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं. मी गप्पच होतो.

सगळ्यांत जड गेलं निरुपमाला. सोमवारी आणि रविवारी वरून पावलांचा आवाज यायचा. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. एका सोमवारी ती खाली येऊन आमच्या सोफ्यावर बसली.

"वर बसवत नाही हो," ती म्हणाली. "सारखं वाटतं, विचारावं. जमतंय का, कुठपर्यंत आलं, भीती वाटते का."

"मग विचार."

"नाही विचारणार." तिने उशी मांडीवर घेतली. "आनंदभाऊ, मी इतक्या घरांत गेले. जायचे आणि विचारत सुटायचे. पोरं उत्तरं द्यायची हो सगळी. आता वाटतं, ती नुसती मला वाटेला लावत होती."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि चहा होईपर्यंत बसली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. पेपरानंतर यशश्री जेवायला आली, दोन वेळा आमटी घेतली आणि गेली. आम्ही काही विचारलं नाही. ती गेल्यावर मोहना म्हणाली, "दोनदा आमटी घेतली म्हणजे बरा गेला असेल." मी म्हटलं, "किंवा वाईट." आम्ही त्यावर झोपेपर्यंत भांडलो.

निकाल लागला त्या दिवशी योगायोगाने गुरुवार होता. निरुपमाला कॉलेजात दुपारीच कळलं असणार, पण तिने आम्हाला सांगितलं नाही. मुलीची बातमी मुलीने द्यावी, असं तिचं आता नवं मत झालं होतं. संध्याकाळी ती खाली आमच्याकडे जेवायला आली आणि भिंतीकडे बघत बसली. यशश्री आली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ती दारात थबकली नाही, चपला काढून सरळ आत आली आणि पुडा टेबलावर ठेवला.

"निघाला," ती म्हणाली.

मोहना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी पेढा खाल्ला आणि मग आणखी एक खाल्ला. निरुपमा फक्त "छान" म्हणाली आणि पाटपाणी करायला उठली.

जेवायला बसलो. वरण, भात, बटाट्याची भाजी, पापड. निरुपमाच्या तोंडात प्रश्न आला की तिची मान थोडी पुढे येते. ती तीन वेळा पुढे आली आणि तीन वेळा मागे गेली. दर वेळी तिने मुलीच्या पानात काहीतरी वाढलं. घरी कळवलं का, वडील काय म्हणाले, पुढच्या वर्षीचं काय, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं.

यशश्रीने भात कालवला आणि कालवतच राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "बाबांना मी अजून सांगितलं नाहीये. फोनवर नाही सांगायचं मला. समोर बसून सांगायचंय. रविवारी दहेजला जाते आहे."

"हो," निरुपमा म्हणाली.

"तुम्ही याल?"

निरुपमाने तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे काम काही नाही," यशश्री म्हणाली. "बाबा काही म्हणतील म्हणून नाही. नुसतं जेवायला. रविवार आमच्याकडे."

निरुपमाने हातातला घास पानात परत ठेवला. ती म्हणाली, "आईला आधी फोन करून कळव. ऐन वेळी कोणी आलं की घरच्यांची धावपळ होते."

मग ती तूप आणते म्हणून उठून स्वयंपाकघरात गेली. तूप टेबलावरच होतं. आम्ही तिघांनी ते बघितलं.